जुन्या लेथसाठी स्टेडी : शोधावी कशी आणि घडवावी कशी

जुन्या लेथचा व्यवहार होतो, तेव्हा चक (काम धरणारी फिरती पकड), टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा सरकता आधार), चेंज गिअर आणि मोटर यांची मोजदाद नीट होते. स्टेडी, म्हणजे फिरणाऱ्या लांब जॉबला (घडवायच्या तुकड्याला) तीन जॉंनी (सरकत्या बोटांनी) आधार देणारे, बिजागराने उघडणारे कडे, मात्र बहुतेक वेळा जागेवर नसते. महिनोनमहिने न लागणारा हा सुटा भाग एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना कुठेतरी मागे राहतो, आणि पुढे एखाद्या दिवशी पंपाचा लांब शाफ्ट दुरुस्तीला आला किंवा नळीच्या टोकाला आतून बोअर करायची वेळ आली, की तिची उणीव जाणवते. हा लेख अशा लेथसाठी आहे, ज्याची मूळ स्टेडी हरवली आहे आणि ज्याचा उत्पादक आता सुटे भाग पुरवत नाही.

स्टेडी नेमके काय करते

चकमध्ये धरलेला जॉब टूलच्या जोराने वाकतो, आणि हे वाकणे बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लांबी दुप्पट झाली, तर वाकणे आठपट होते. जाडीचा परिणाम याहून मोठा आहे, कारण व्यास निम्मा झाला की वाकणे सोळापट होते. उदाहरण घ्यायचे, तर चकपासून 250 मि.मी. बाहेर आलेल्या 25 मि.मी. व्यासाच्या पोलादी दांड्याच्या टोकावर 20 किलोचा जोर आला, तर ते टोक सुमारे पाव मिलिमीटर सरकते. त्याच टोकाला स्टेडीचा आधार दिला आणि तोच जोर मध्यावर आला, तर वाकणे त्याच्या सोळाव्या हिश्श्याहूनही कमी उरते. साधारणपणे चकमधून व्यासाच्या तीन-चार पटींहून अधिक लांबी बाहेर असेल, किंवा दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांमध्ये) धरलेल्या जॉबची लांबी व्यासाच्या दहा-बारा पटींहून जास्त असेल, तर आधाराचा विचार करावा. टोकाचे फेसिंग, बोअरिंग किंवा सेंटर ड्रिलिंग करायचे असेल आणि त्यामुळे टेलस्टॉकचा सेंटर लावताच येत नसेल, तर बेडवर (लेथच्या लांब पायावर) पक्की बसणारी स्थिर स्टेडी हाच मार्ग उरतो.

जोराची दिशाही समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढे बांधणी करताना कुठला भाग किती मजबूत हवा हे त्यावर ठरते. नेहमीच्या टर्निंगमध्ये जॉबचा पुढचा भाग वरून खाली येतो आणि टूल त्याला अडवते. साहजिकच टूल खाली दाबले जाते आणि जॉब वर उचलला जातो, तसाच मागेही ढकलला जातो. म्हणून खालच्या दोन जॉवर जॉबचे वजन असले, तरी कटच्या वेळी खरा भार वरच्या आणि मागच्या जॉवर पडतो. वरचा जॉ, त्याचा बिजागराचा पिन आणि कडी-बोल्ट हे भाग नाजूक ठेवून चालत नाही.

बाजारात शोधण्यापूर्वी घ्यायची मापे

प्रथम लेथची ओळख पटवावी. एच.एम.टी.च्या एल.बी. 17 आणि एन.एच. 22 या मॉडेलच्या क्रमांकांत सेंटरची उंची दडलेली आहे. पहिल्याची 170 मि.मी. आणि दुसऱ्याची 220 मि.मी. आहे. मायफर्ड एम.एल. 7 या छोट्या ब्रिटिश लेथची सेंटर उंची साडेतीन इंच असून तिचा बेड सपाट आहे. हरिहर येथे 1941 साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचे लेथ आजही महाराष्ट्रातील अनेक वर्कशॉपमध्ये कामावर आहेत, आणि संख्येने मोठे असल्यामुळे त्यांचे सुटे भाग जुन्या बाजारात निदान दिसतात तरी. राजकोटच्या, पट्ट्याने चालणाऱ्या लेथची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या अनेक छोट्या कारखान्यांनी आपापल्या पॅटर्नवर बेड ओतले, त्यामुळे एकाच लांबीच्या आणि सारख्या दिसणाऱ्या दोन लेथच्या व्हीमधील (बेडवरच्या व्ही आकाराच्या सरकमार्गांमधील) अंतर जुळेलच असे नाही. अशा लेथसाठी केवळ फुटांत लांबी सांगून स्टेडी मागवणे व्यर्थ आहे.

मापे अशी घ्यावीत : बेडच्या सपाट भागापासून सेंटरपर्यंतची उंची, टेलस्टॉक ज्या व्हीवर आणि सपाट पट्टीवर सरकतो त्या दोघांमधील अंतर, व्हीचा कोन आणि उंची, बेडच्या दोन भिंतींमधली मोकळी जागा, आणि क्लॅम्पची पट्टी खालून जिथे टेकते त्या कडेची जाडी. बाहेरचे मार्ग कॅरेजसाठी (टूल वाहून नेणाऱ्या भागासाठी) आणि आतले मार्ग टेलस्टॉकसाठी अशी रचना असलेल्या बेडवर स्टेडी आतल्या मार्गांवरच बसते. हे सोयीचे आहे, कारण कॅरेजचे मार्ग चकजवळ सर्वांत अधिक झिजतात, तर टेलस्टॉकचे मार्ग तुलनेने शाबूत असतात.

व्हीचे माप घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे टेलस्टॉक काढून उलटा ठेवणे. स्टेडीच्या तळाला जो आकार हवा आहे, तो तिथे तयार कोरलेलाच असतो. पातळ पत्र्याचा गेज कापून तो आधी बेडवर आणि मग टेलस्टॉकच्या तळावर लावून पाहावा. दोन्हीकडे प्रकाशाची फट न दिसता बसला, तर तोच गेज खिशात घेऊन बाजारात जाता येते.

शोध

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, पुण्याजवळ भोसरी आणि गुजरातेत राजकोट या ठिकाणी जुन्या मशीनच्या व्यापाऱ्यांकडे आणि मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारणा करावी. बंद पडलेल्या वर्कशॉपमधील मशीन भंगारात निघतात, तेव्हाही चौकशी करून ठेवावी, कारण तिथे स्टेडी वजनावर जाते आणि तिची किंमत लोखंडाइतकीच धरली जाते.

सेंटरची उंची तंतोतंत जुळली पाहिजे, असा समज मोठ्या प्रमाणावर आहे. माझ्या मते याच समजामुळे अनेक चांगल्या स्टेडी नाकारल्या जातात. तिन्ही जॉ स्वतंत्रपणे पुढे-मागे होतात, त्यामुळे स्टेडीच्या कड्याचे केंद्र लेथच्या अक्षापासून तीन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे असले, तरी जॉ फिरवून जॉब अक्षावर आणता येतो. फरक फार मोठा झाला, तर जॉ जॉबवर तिरके टेकू लागतात आणि त्यांची चाल एका बाजूला संपते, एवढीच त्याची मर्यादा. स्टेडी आपल्या लेथपेक्षा ठेंगणी असेल, तर तिच्याखाली आपल्या बेडच्या आकाराचा जाड ठोकळा बोल्टने कायमचा जोडता येतो. ती उंच असेल, तर तळ मशीनवर कमी करता येतो. मात्र तळाची जाडी किती उरणार, हे आधी मोजावे. पातळ केलेला बीडाचा (कास्ट आयर्नचा) तळ क्लॅम्प आवळताना तडकतो.

याउलट, काही दोष दिसले तर स्टेडी स्वस्त असली तरी सोडून द्यावी. बिजागराच्या कानाजवळ आणि क्लॅम्पच्या भोकाजवळ रॉकेल लावून पुसावे व वर खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल, तर त्यातून रॉकेल झिरपून पुडीवर रेघ उमटते. बीडावर वेल्डिंग केलेले आढळले, तर ते कुठे आहे हे पाहावे. कड्याच्या बाहेरच्या नक्षीवर असेल तर चालते, बिजागरावर असेल तर चालत नाही. वरचा आणि खालचा अर्धा भाग मूळच्याच जोडीतले आहेत का, हेही तपासावे. वरचा भाग बंद करून हाताने आडवा हलवावा. खेळ जाणवला आणि तो नवीन पिन टाकूनही जाण्यासारखा नसेल, तर कट लागताच जॉब थरथरतो. जॉचे स्क्रू गंजून बसलेले असणे किंवा जॉची टोके झिजलेली असणे हा दोष मानू नये, कारण ते भाग नवे करणे एका दिवसाचे काम आहे.

घडवायची असेल तर : रचना

दोन पर्याय आहेत. पॅटर्न करून बीडात ओतून घेणे हा पहिला. बीड कंप शोषते आणि दिसायलाही भारदस्त काम होते. पॅटर्नमध्ये आकसण्यासाठी मीटरला साधारण 10 मि.मी. वाढ आणि मशीन होणाऱ्या पृष्ठांवर 3 मि.मी. माल ठेवावा लागतो. परंतु एकाच नगासाठी लाकडी पॅटर्न करणे खर्चिक पडते. म्हणून दुसरा पर्याय, म्हणजे माइल्ड स्टीलच्या जाड प्लेटमधून कापून आणि वेल्ड करून बांधणे, हा एकट्या लेथसाठी मला अधिक योग्य वाटतो. पुढची मापे 170 मि.मी. सेंटर उंचीच्या लेथसाठी आहेत. इतर उंचीसाठी ती प्रमाणात बदलावीत.

कड्यासाठी 32 मि.मी. जाड प्लेट घ्यावी. आतला व्यास 150 मि.मी. आणि कड्याची रुंदी 40 मि.मी. ठेवली, तर बाहेरची त्रिज्या 115 मि.मी. होते आणि खाली तळासाठी 55 मि.मी. जागा मिळते. जॉसाठी 18 मि.मी. व्यासाचा ब्राइट बार वापरावा. चौकोनी जॉसाठी खाच काढायला शेपर किंवा मिलिंग लागते, गोल बारसाठी मात्र ड्रिलिंग आणि रीमिंग (भोक नेमक्या मापाला आणणे) पुरते. आणि 32 मि.मी.च्या प्लेटमध्ये 18 मि.मी.चे भोक काढल्यावर दोन्ही बाजूंना 7 मि.मी.ची भिंत उरते, ती पुरेशी आहे.

एक जॉ बरोबर वर आणि दोन खाली, परस्परांत 120 अंशांचे अंतर, ही जुनी मांडणी बदलण्याचे कारण नाही. 12 ते 100 मि.मी. व्यासाचे जॉब धरायचे असतील, तर प्रत्येक जॉला 44 मि.मी. चाल लागते. सर्वांत बारीक जॉबवर जॉ कड्याच्या आत 69 मि.मी. पुढे येतो आणि त्या वेळी कड्यातील सर्व 40 मि.मी. लांबीत तो धरलेला राहायला हवा, म्हणून बारची लांबी किमान 109 मि.मी. ठेवावी. जॉ मागे घेतला की हाच बार कड्याबाहेर 44 मि.मी. डोकावतो. त्याला सामावून घेण्यासाठी कड्याच्या बाहेर 50 मि.मी. लांब जाड नळीचा बॉस वेल्ड करावा आणि त्याच्या तोंडावर झाकणाची पट्टी बोल्टने लावावी. बारमध्ये मागून एम 10चे आटे पाडावेत आणि झाकणात अडकलेला, पुढे-मागे न सरकणारा स्क्रू त्यात फिरवावा. टेलस्टॉकचा बॅरल ज्या पद्धतीने पुढे-मागे होतो, तीच ही रचना आहे. बारवर लांब खाच काढून कड्यातून एक डॉग-पॉइंट ग्रब स्क्रू (खुंटीसारख्या टोकाचा बिनडोक्याचा स्क्रू) त्यात सोडला, की बार फिरत नाही. बार सैल होऊ नये, म्हणून वेगळा लॉक स्क्रूही द्यावा, कारण कंपामुळे स्क्रू हळूहळू मागे येतात.

प्लेट कापण्यापूर्वी हा सर्व आकार जाड पुठ्ठ्यातून कापून बेडवर उभा करावा आणि कॅरेज त्याच्याजवळ आणून पाहावे. वरील मापांत पुढच्या खालच्या जॉचा बॉस अक्षापासून आडवा सुमारे 143 मि.मी. बाहेर येतो, आणि त्यावर स्क्रूची मूठ वेगळी. ती मूठ क्रॉस स्लाइडला किंवा टूलपोस्टला आपटत असेल, तर टूल स्टेडीजवळ पोहोचतच नाही. अशा वेळी मुठीऐवजी ॲलन स्क्रू वापरावा. तळाची लांबीही कॅरेजच्या दोन पंखांमध्ये शिरेल एवढीच ठेवावी.

बांधणीचा क्रम

या कामात क्रम बिघडला की सारी अचूकता जाते. प्रथम कडे, बॉस, बिजागराचे कान, कडी-बोल्टचे कान आणि तळाची प्लेट यांचे संपूर्ण वेल्डिंग उरकावे. त्यानंतर, शक्य असल्यास, भट्टीत 550 ते 600 अंश सेल्सिअसला, जाडीच्या दर 25 मि.मी.ला एक तास या हिशेबाने ताण काढून घ्यावा आणि भट्टीतच थंड होऊ द्यावे. ही पायरी गाळली, तर पुढे कडे कापून दोन भाग करताच ते उघडते किंवा मिटते.

त्यानंतर बिजागराचे भोक ड्रिल व रीम करावे आणि कडी-बोल्टची भोके पाडावीत. जॉची तीनही भोके कडे अखंड असतानाच काढावीत. रोटरी टेबल असल्यास त्यावर, नसल्यास ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर मधोमध एक खुंटी बसवून त्याभोवती कडे फिरवत. भोकांचे अक्ष केंद्रापासून एखाद्या मिलिमीटरने चुकले तरी काम अडत नाही. शेवटी बँडसॉवर कडे आडव्या व्यासावर कापावे, कापलेली तोंडे कानशीने सपाट करावीत, जेवढा माल गेला तेवढी पट्टी एका बाजूस भरावी आणि बिजागर व बोल्ट लावून कडे पुन्हा घट्ट बंद करावे. तळाचे अखेरचे काम मात्र कडे अशा बंद अवस्थेतच करायचे आहे.

तळ बेडला मिळवणे

सर्वांत अधिक वेळ आणि लक्ष इथे द्यावे. स्टेडी डुलता कामा नये आणि कड्याचे तोंड लेथच्या अक्षाशी गुण्यात (काटकोनात) असले पाहिजे. या दोन अटी पाळल्या, तर बाकीच्या लहान चुका जॉ सांभाळून घेतात.

शेपर किंवा मिलिंग हाताशी असेल, तर व्ही आणि सपाट पट्टी कापून, बेडला निळा रंग लावून, स्क्रॅपरने मिळवत जावे. ती सोय नसेल, तर धातूची पूड मिसळलेल्या इपॉक्सीचा उपयोग करावा. तळाला व्हीच्या जागी दोन-तीन मिलिमीटर मोठी खाच काढावी, तिचे पृष्ठ खरखरीत करावे आणि थिनरने स्वच्छ करावे. तळात चार एम 6 स्क्रू उभे टाकावेत, म्हणजे स्टेडी त्यांच्या टोकांवर बेडवर उभी राहील. आता दोन सेंटरमध्ये एक सरळ बार धरून त्यावर डायल (बारीक फरक सुईने दाखवणारे मापक) बांधावा आणि बार हाताने फिरवत डायलचे टोक कड्याच्या तोंडावरून एक संपूर्ण फेरा न्यावे. चार स्क्रू आणि हलके ठोके यांच्या साहाय्याने हा फरक 0.1 मि.मी.च्या आत आणावा. त्याच डायलने कड्याची आतली बाजूही तपासून केंद्र जुळवून घ्यावे.

हे जुळल्यावर स्क्रूंना हात न लावता स्टेडी उचलावी. बेडवर मेणाचे दोन पातळ थर देऊन ते कापडाने पुसावेत, तळात इपॉक्सी भरावे आणि स्टेडी पुन्हा त्याच जागी ठेवून डायल एकदा फिरवून पाहावा. चोवीस तास हलवू नये. ही जागा चकजवळची झिजलेली नसावी. टेलस्टॉकच्या टोकाकडची, कमी वापरलेली निवडावी. इपॉक्सी पक्के झाल्यावर स्क्रू काढून घ्यावेत, कडांना साठलेला माल छाटावा आणि खालून एम 16 बोल्टची क्लॅम्प पट्टी बसवावी.

जॉची टोके : ब्राँझ की बेअरिंग

गनमेटल किंवा ब्राँझची टोके अचूक कामाला उत्तम, कारण ती जॉबच्या गोलाईला बिलगतात आणि कंप दाबतात. मात्र त्यांना सतत तेल लागते आणि वेग मर्यादित ठेवावा लागतो. टोके 12 मि.मी. रुंदीपर्यंत निमुळती करावीत, म्हणजे बारीक जॉबवर ती एकमेकांना भिडत नाहीत. ती एम 8च्या आट्यांनी बारला जोडली, तर झिजल्यावर बदलता येतात.

वेग जास्त हवा असेल, तर बारच्या टोकाला 7.2 मि.मी.ची खाच काढून त्यात 608 क्रमांकाचे बेअरिंग 8 मि.मी.च्या पिनवर बसवावे. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास 22 मि.मी. आणि जाडी 7 मि.मी. असते. बेअरिंगचा दोष असा, की चिप त्याखाली सापडली तर ती जॉबवर चेपली जाते आणि खोल ओरखडे उमटतात. म्हणून टूलच्या बाजूला पातळ प्लॅस्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा गोल पडदा जॉबवर घालावा. दोन्ही प्रकारचे संच करून ठेवले, तर उत्तम.

लेथवर लावणे

जॉ ज्या जागी टेकणार आहेत, तिथे जॉबवर आधी एक खरी गोल पट्टी टर्न केलेली असावी. रोल केलेल्या काळ्या दांड्यावर जॉ टेकवले, तर दांड्याचा वाकडेपणा जसाच्या तसा कामात उतरतो. जॉब चक आणि टेलस्टॉकचा सेंटर यांत धरून ही पट्टी टर्न करावी, सेंटर तसाच ठेवून स्टेडी तिथे आणावी आणि क्लॅम्प आवळावा. जॉबच्या वर एक आणि मागच्या बाजूला दुसरा डायल लावून खालचे दोन जॉ एकामागून एक पुढे आणावेत. डायलची सुई 0.01 मि.मी.पेक्षा अधिक हलली, तर जॉ जॉबला ढकलत आहे असे समजून मागे घ्यावा. शेवटी वरचा जॉ टेकवावा, सर्व लॉक आवळावेत आणि मगच सेंटर मागे घ्यावा. सेंटर निघताना डायल हलला, तर मांडणी पुन्हा करावी.

ही काळजी केवळ अचूकतेसाठी नाही. स्टेडी अक्षावर नसेल, तर जॉबचा अक्ष चकमध्ये दर फेऱ्याला थोडा झुलत राहतो, आणि त्या झुलण्यामुळे तीन जॉचा चक जॉबला कणाकणाने बाहेर सोडतो. चालत्या लेथवर जॉब चकमधून निघणे हा जीवघेणा अपघात आहे. म्हणून चकच्या तोंडाशी जॉबवर खडूची रेघ मारून ठेवावी आणि ती सरकलेली दिसली, तर तत्काळ मशीन थांबवावे.

षटकोनी दांडा किंवा गोलाई नसलेली नळी असेल, तर जॉबवर बाहेरून खरी गोल असलेली आणि आत स्क्रूंनी केंद्रात आणता येणारी बाही घालावी; जॉ मग त्या बाहीवर चालतात.

उष्णतेचेही भान ठेवावे. पोलादाचा एक मीटर लांब शाफ्ट 40 अंशांनी तापला, तर सुमारे 0.46 ते 0.48 मि.मी. लांबतो, आणि 60 मि.मी.चा व्यास जवळजवळ 0.03 मि.मी.ने फुगतो. थंड असताना बरोबर टेकलेले ब्राँझचे जॉ यामुळे आवळले जातात, तेल जळू लागते आणि जॉबवर काळे पट्टे उमटतात. काही वेळ काम झाल्यावर मशीन थांबवून जॉ पुन्हा तपासावेत. जॉवर दाट गिअर तेल किंवा मॉलिब्डेनमचे ग्रीस द्यावे. पूर्वी वापरला जाणारा सफेदा हा शिशाचा असल्यामुळे टाळावा.

लांब आणि बारीक जॉबसाठी चालती स्टेडी

संपूर्ण लांबीवर टर्निंग करायचे असेल किंवा लांब स्क्रूचे आटे पाडायचे असतील, तर स्थिर स्टेडी अपुरी पडते, कारण कॅरेज तिला ओलांडू शकत नाही. तिथे कॅरेजवरच बोल्टने बसणारी चालती स्टेडी लागते. तिला दोनच जॉ पुरतात, एक मागे आणि एक वर. टूल जॉबला ज्या दोन दिशांना ढकलते, नेमका तिथेच हा आधार असतो. बहुतेक जुन्या लेथच्या सॅडलवर (कॅरेजच्या बेडवर सरकणाऱ्या भागावर) यासाठी आटे पाडलेली दोन भोके मूळचीच असतात. ती घाणीने भरलेली असतील, तर टॅप फिरवून साफ करावीत. 20 मि.मी. प्लेटचा इंग्रजी सी आकाराचा ब्रॅकेट करून वरचेच 18 मि.मी.चे जॉ त्यात वापरता येतात. जॉबच्या सुरुवातीला जॉच्या रुंदीपेक्षा थोडी अधिक लांबी हव्या त्या व्यासाची टर्न करावी, जॉ टूलच्या लगेच मागे या नव्या पृष्ठावर टेकवावेत, आणि प्रत्येक नव्या कटला व्यास बदलताच जॉ पुन्हा लावावेत. आटे पाडताना मात्र जॉ आट्यांच्या माथ्यांवरच चालतात, त्यामुळे दर फेरीनंतर आट्यांवरची बारीक कड सपाट कानशीने काढून टाकावी. अन्यथा ती कड जॉमध्ये खाच पाडते आणि आधार सैल होतो.